आरोप लावणारा पडला

"माझा निकाल लागला, भाऊ. आरोप लावणारा खाली पडला." उजवा तळहात वरून झपकन खाली आणत मिस्त्री हे म्हणायचा. समोर आरोप लावणारा मी उभा असायचो, आणि मी काही पडलेलो नव्हतो.

गोंदिया जिल्हा नवा झाला त्या सुमारास आम्ही सौंदडजवळच्या एका राइस मिलमध्ये कामाला होतो. तो मशीन चालवायचा, मी वजनकाट्यावर असायचो, माझा धाकटा भाऊ हमाली करायचा. एका दुपारी भाऊ पट्ट्यात अडकलेला कोंडा काढत होता आणि मिस्त्रीनं दारूच्या नशेत मशीन सुरू केली. भावाचा डावा हात कोपरापासून गेला. मालकानं विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मी आवाज देल्ला होता. यानंच आयकला नाही." भावाचं काम सुटलं.

वर्षभरानं मिस्त्री दारू सोडून ख्रिस्ती झाला. सगळ्यांना सांगायचा, सैतान देवापुढं रात्रंदिवस आपल्यावर आरोप लावतो. पण येशूच्या रक्तापुढं तो हरला, त्याला स्वर्गातून खाली टाकलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. इकडं भावाच्या शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावायचो.

एकदा काट्याजवळच मी त्याला अडवलं. "देवानं सोडलं ना तुले? मंग मालकासमोर खरं बोल. काऊन, भेव लागते?"

"भेव तं लागून राहिला," तो म्हणाला. "पण सांगतो. आता तो मले दाबू शकत नाही."

"कोण?"

"आरोप लावणारा."

मला वाटलं, मलाच म्हणतो.

त्यानं मालकाला खरंच सांगितलं, सगळ्या हमालांसमोर. "मी पेऊन होतो. आवाज देल्ला नाही." त्याच दिवशी त्याला काढलं. महिन्याभरात भाऊ मिलच्या फाटकावर चौकीदार म्हणून परत लागला. तरी माझा राग गेला नाही. मला तो घाबरलेला, लाचार झालेला पाहायचा होता.

जाण्याआधी तो घरी आला. भावासमोर हात जोडून म्हणाला, "माझ्याच्यानं झालं." भावानं पाणी दिलं. मी म्हणालो, "पाणी पे आणि निघ."

तो चिचगडकडं त्याच्या गावी गेला. काही वर्षांनी तिथंच वारला. ख्रिस्ती झाला म्हणून गावानं मसणात जागा दिली नाही. नाल्याच्या काठी, झुडपांत खड्डा खणला. भाऊ हट्टाला पेटला म्हणून मी त्याला मोटारसायकलवर नेलं. चार माणसं होती. भाऊ खड्ड्याजवळ उकिडवा बसून एका हातानं माती लोटत राहिला.

"दादा," त्यानं वळून हाक मारली, "एक मूठ तं टाक."

मी गाडीवरून उतरलो नाही. हॉर्न वाजवला.