सासऱ्यांच्या दुनळीची खूण

बँकेच्या पहारेकऱ्याला सगळे तोफखाने म्हणायचे. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. माणूस अंगानं काडी आणि खांद्याला दुनळी बंदूक. लांबून पाहिलं तर बंदुकीनंच त्याला टांगून आणलंय असं वाटायचं. कुणा कारकुनानं एकदा गमतीनं ‘या, तोफखाने’ म्हटलं, आणि ते असं चिकटलं की नवे खातेदार त्याला अदबीनं तोफखानेसाहेब म्हणू लागले. त्यानं कुणालाच दुरुस्त केलं नाही. साहेब म्हणून घ्यायला कुणाला नको असतं?

बंदूक मुळात सासऱ्यांची. सासरेही पहारेकरीच होते, तेलाच्या गिरणीच्या गोदामावर. त्यांना एकुलती एक मुलगी, त्यामुळे लग्न झाल्यावर तोफखानेच त्यांच्या घरी राहायला आला. घरजावई म्हटलं की लोक काय काय बोलतात, ते सगळं त्यानं ऐकून घेतलं. सासरे गेल्यावर परवाना त्याच्या नावावर झाला आणि त्या बंदुकीच्या बळावरच बँकेची नोकरी लागली. इतक्या वर्षांत त्यानं ती एकदाही झाडली नव्हती. दर रविवारी नळ्या पुसायच्या, तेलाचा हात फिरवायचा आणि कपाटात ठेवायची, एवढंच. घरात तो, बायको आणि सासूबाई. मुलगा नोकरीसाठी परगावी. एकंदरीत सरळ, कडेकडेनं चाललेलं आयुष्य.

मग ते यंत्र आलं.

शहरातल्या प्रत्येक परवानाधारकानं आपली बंदूक पोलीस मैदानावर आणावी, असा हुकूम निघाला. तिथं तिच्यातून एक गोळी झाडायची, रिकामं काडतूस यंत्रात ठेवायचं, त्याच्या पितळी बुडावर उठलेल्या खुणांचा फोटो साठवायचा. पुढे कुठं गोळीबार झाला आणि काडतूस सापडलं की यंत्र सांगणार, ही अमक्याची बंदूक. मैदानावर तरुण इन्स्पेक्टरनं छोटंसं भाषणच केलं. “माणूस खोटं बोलतो, साक्षीदार फुटतात,” तो म्हणाला. “बंदूक मात्र या यंत्रापुढे खोटं बोलू शकत नाही.”

त्याच्या मागं खुर्चीवर प्रयोगशाळेच्या तज्ज्ञ बाई बसल्या होत्या. केस पिकलेले, चष्मा गळ्यात अडकवलेला. तोफखान्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी रिकामं काडतूस चिमट्यानं उचललं, आणि तो उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “म्हणजे आता चोर सुटायचा नाही.”

“यंत्र नावं सुचवतं,” बाई म्हणाल्या. “एका कारखान्यातल्या बंदुका बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. शिवाय वापरून वापरून खूण झिजते. खात्री शेवटी डोळ्यांनीच करावी लागते.” इन्स्पेक्टरनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

बँकेतही चार दिवस तोच विषय. मॅनेजर म्हणायचे, पोलिसांना असं हत्यार हवंच होतं. कॅशियर म्हणायचा, गुन्हेगार काय परवाना काढून गोळ्या घालतात? ज्यांनी रांगेत उभं राहून बंदूक दाखवली त्यांच्याच मागं हे लागणार. तोफखाने दोघांनाही हो म्हणायचा.

काही महिने गेले. एका सकाळी बँक उघडायच्या वेळेला पोलीस आला आणि बंदुकीसकट त्याला घेऊन गेला. रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या त्या वळवूनच ठेवल्या.

चौकीत इन्स्पेक्टरनं त्याच्यासमोर एक कागद सरकवला. जुन्या, न उलगडलेल्या खुनांमधली काडतुसंही यंत्रात घातली होती. लाकडाच्या वखारीचा मालक फार वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वेळी आपल्याच फाटकाशी मारला गेला होता. मारणाऱ्यानं घाईत दुसरं काडतूस भरायला बंदूक मधोमध वाकवून उघडली असावी. पहिलं तिथंच पडलं होतं. यंत्रानं त्याच्याशी जुळणाऱ्या बंदुकांची नावं दिली होती, आणि सगळ्यात वर तोफखान्यांची दुनळी होती.

“तेव्हा बंदूक सासऱ्यांची होती, साहेब,” तो कसाबसा म्हणाला.

“आणि तुम्ही कुठं राहायचात?”

“त्यांच्याच घरी.”

“म्हणजे कपाट एकच,” इन्स्पेक्टर म्हणाला. “आता एवढंच सांगा, काढली कुणी?”

त्याला अटक झाली नाही. पण बंदूक ठेवून घेतली आणि शहर सोडायचं नाही अशी ताकीद मिळाली. बँकेनं त्याला दारावरून हलवून आत टोकन वाटायला बसवलं. मॅनेजर फार गोड बोलायला लागले, आणि तेच त्याला जास्त लागलं. कॅशियर पूर्वी त्याच्याकडे पाठ करून निवांत नोटा मोजायचा. आता खुर्ची फिरवून बसायचा.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सासूबाईंना मात्र बंदूक दुरुस्तीला दिलीय म्हणून सांगायचं ठरलं. म्हाताऱ्या जिवाला घोर कशाला?

पण खरा घोर त्या दोघांच्यात शिरला. वखारवाल्याचा खून झाला ते दिवस दोघांनाही आठवत होते. लग्न नवं होतं, त्यामुळे बारीकसारीक गोष्टीही मनात राहिलेल्या. तोफखान्यांना आठवत होतं ते असं, की त्याच सुमारास एकदा तो घरात शिरला तेव्हा सासरे जमिनीवर बसून बंदूक पुसत होते. चेहरा रागानं लाल, चिंधी काळीकुट्ट, आणि तोंडातून शब्द नाही. “काय झालं?” म्हणून विचारल्यावर त्यांनी नुसतं हातानं ‘जा’ म्हटलं होतं. न झाडलेली बंदूक पुसताना चिंधी इतकी काळी होते का? हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नव्हता. आता पडला, आणि पडला तो उठेचना. तेलगिरणी आणि वखार भिंतीला भिंत लावून होत्या. सासऱ्यांचं आणि वखारवाल्याचं रस्त्यावरून भांडण झालेलं सगळ्यांना माहीत होतं.

बायकोला वेगळंच आठवत होतं. खुनाची बातमी आली त्या संध्याकाळी नवरा घरी नव्हता. उशिरा आला, चपला चिखलानं माखलेल्या. कुठं गेला होतात विचारल्यावर म्हणाला, “असंच, इकडं-तिकडं.” असंच इकडं-तिकडं जाणारा माणूस तो नव्हताच. तेव्हा तिनं सोडून दिलं. आता तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली ती थांबेना.

दोघं एकमेकांसमोर जेवत, पाणी देत-घेत, दिवा मालवत. बोलत मात्र काहीच नव्हते. एकदा तो म्हणाला, “तुझ्या बाबांचा स्वभाव तापटच होता, नाही?”

तिनं हातातली वाटी खाली ठेवली. “काय म्हणायचंय तुम्हाला?”

“काही नाही. सहज.”

“सहज तुम्ही काही बोलत नाही.” मग जरा थांबून ती म्हणाली, “आणि त्या संध्याकाळी तुम्ही कुठं होतात, हे तरी सहज सांगता का?”

त्यानं मान खाली घातली. त्या मान घालण्याचा तिनं जो अर्थ घ्यायचा तो घेतला. त्यानंतर ती आईच्या खोलीत झोपू लागली. आईचे गुडघे दुखतात, चेपून द्यावे लागतात, हे कारण.

चौकीत बोलावणी चालूच होती. इन्स्पेक्टरचा आवाज दर खेपेला थोडा चढत होता. यंत्रानं पहिलं मोठं प्रकरण उलगडलं असं त्यानं वरच्यांना कळवून टाकलं होतं. वर्तमानपत्रात नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं छापूनही आलं. तज्ज्ञ बाईंनी मात्र अहवाल दिला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिल्याशिवाय सही करणार नाही, म्हणत होत्या.

शेवटी अडलेलं गाडं हललं ते सासूबाईंमुळे. लेक रोज आपल्याच अंथरुणात येऊन कूस बदलते हे त्या पाहत होत्या. एके दुपारी त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“बंदूक दुरुस्तीला इतके दिवस लागतात होय? काय ते नीट सांगा. मी म्हातारी झालेय, मूर्ख नाही झाले.”

मग लेकीनं रडत रडत सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“अगं, पण वखारवाला गेला तेव्हा निवडणूक चालू होती,” त्या म्हणाल्या. “सगळ्या गावाच्या बंदुका चौकीत जमा होत्या. हे काठी घेऊन गोदामावर जायचे. गिरणीतली माणसं ‘काय, गुरं राखायला निघालात का’ म्हणून चिडवायची. आठवत नाही तुला?”

लेकीला आठवलं. जावयालाही हळूहळू आठवलं. निवडणुकीत बंदूक जमा करायची ही गोष्ट त्याच्या डोक्यातच राहिली नव्हती, कारण बँकेच्या पहारेकऱ्यांना त्यातून सूट असते. त्याच्यावर ती वेळ कधी आलीच नव्हती.

“आणि ती चिंधी?” त्यानं विचारलं. “काळीकुट्ट चिंधी, ते रागावलेले?”

“निवडणूक संपल्यावर बंदूक परत आणली ना, त्या दिवशीचं ते. ‘मी जमा केली तेव्हा आरशासारखी होती, कुणा हरामखोरानं झाडली?’ म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. विचारायला चौकीतही गेले. परत आले ते गप्पच, नुसते बंदूक पुसत बसले. मग कधी विषयच काढला नाही.”

तोफखान्यांच्या छातीवरचा दगड उतरला खरा, पण दुसऱ्याच क्षणी पुढचं ध्यानात आलं. बंदूक घरात नव्हती. मग ती ज्यांच्या ताब्यात होती, त्यांच्याकडेच उद्या जाऊन हे सांगायचं.

“आणि तुम्ही?” बायको म्हणाली. “तुम्ही कुठं गेला होतात?”

“नदीपलीकडं,” तो म्हणाला. “भाड्याची खोली बघायला. आपल्या दोघांना. घरजावई म्हणून ऐकून घ्यायचा कंटाळा आला होता.” सासूबाईंकडे न पाहता त्यानं पुढं सांगितलं, “खोली मिळाली नाही. मग सांगण्यासारखं राहिलं काय?”

दुसऱ्या दिवशी चौकीत त्यानं हे सांगितलं तेव्हा तज्ज्ञ बाईही तिथं होत्या. इन्स्पेक्टर बाहेरगावचा, त्या वेळी शाळेत असेल. त्यानं यंत्राचा कागद वाचला होता, जुनी फाइल वाचली नव्हती. ती मागवली तर तिच्यात स्पष्टच होतं, परवान्याच्या सर्व बंदुका जमा असल्यामुळे खुनात चोरटी बंदूक वापरली असावी. त्यानं ते वाचलं आणि फाइल हळूच मिटली.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्ही म्हणत होता ते खरं आहे. यंत्राला मर्यादा असतात. बंदुका बहिणींसारख्या दिसतात. इतक्या वर्षांत खूणही झिजते.”

“म्हणाले होते,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच काल दिवसभर डोळे लावून बसले. काडतुसावर आपटणाऱ्या पिनेच्या टोकाला एक टवका उडालेला आहे. तो दोन्ही काडतुसांवर आहे, त्याच जागी, त्याच बाजूला वळलेला. बंदूक हीच.”

“तुमचाच तर या यंत्रावर विश्वास नव्हता.”

“अजूनही आंधळा विश्वास नाही. पण या वेळी ते बरोबर निघालं. मी तसंच लिहिणार.”

इन्स्पेक्टरनं तोफखान्यांना बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. आत बराच वेळ आवाज चढत-उतरत होते. मग त्याला घरी जायला सांगितलं, आणि त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही.

बाईंनी खरोखर तसंच लिहिलं. चौकशी नेमली गेली. निवडणुकीत बंदुका ठेवलेल्या कोठीचा तेव्हाचा हवालदार आता निवृत्त होऊन शहरातच राहत होता. पेन्शन त्याच बँकेत यायची. तोफखाने पुन्हा दारावर रुजू झाला होता, बँकेनं दिलेली बंदूक घेऊन. एके दिवशी हवालदार पायऱ्या चढून आला आणि दारातच थांबला.

“सासऱ्यांची बंदूक मिळाली का परत?” त्यानं हसून विचारलं.

“नाही. पुरावा म्हणून ठेवलीय.”

“राहू दे तिथंच.” हवालदार जवळ सरकला. “मला विचारत होते, किल्ली कुणाकडं होती म्हणून. त्यांना म्हटलं, कोठीची किल्ली कधी एकच नसते. तुझ्या सासऱ्यालाही मी हेच सांगितलं होतं. शहाणा माणूस, लगेच समजला.”

तो आत गेला आणि रांगेत उभा राहिला. तोफखाने दार धरून तसाच. या माणसानं बंदूक काढून दिली? की कुणा वरच्यानं याच्याकडून किल्ली मागून घेतली? आणि सासरे काय समजले होते, काय गिळून बसले होते मरेपर्यंत? विचारायला गेलं तर उत्तर मिळेल, अशी एकही जागा त्याला दिसेना. पुढच्या महिन्यात हवालदारानं पेन्शन दुसऱ्या शाखेत बदलून घेतली. मुलीकडं राहायला गेला, असं कॅशियरनं सांगितलं.

खुनाच्या वेळी चौकीवर असलेला मोठा अधिकारी केव्हाच वारला होता. चौकशी चालू आहे, एवढंच दर वेळी छापून येई. काही दिवसांनी आणखी एक छोटी बातमी आली, की तांत्रिक तपासणीसाठी यंत्राचं काम तूर्त थांबवलं आहे. मॅनेजर म्हणाले, चुका होत असतील. कॅशियर म्हणाला, यंत्रानं चूक केली असती तर चालूच ठेवलं असतं. या वेळी तोफखान्यांनी दोघांना हो म्हटलं नाही. कॅशियरकडं पाहून मान हलवली आणि दाराशी गेला.

बायको आईच्या खोलीतून परत आली. वरवर सगळं पूर्वीसारखं झालं. फक्त आता तो बाहेर निघताना कुठं जातोय ते सांगून निघतो, तिनं न विचारताच. भाजी आणायला, न्हाव्याकडं, मुलाला फोन लावायला. ती हातातलं काम थांबवून नीट ऐकते आणि ‘बरं’ म्हणते.