फुकट फडताळ आणि त्याचे वाली

फुकट वस्तू नेणारा माणूस निघून जातो, पण जाताना एखादा किस्सा ठेवून जातो. आम्ही सहा-सात वर्षं फुकट वाटत होतो, म्हणजे विचार करा, माझ्याकडे किती ढीग साठला असेल!

वाटत होतो ते सॉफ्टवेअर. नाव 'फडताळ'. डेटाबेस. माहिती खणाखणांत नीट लावून ठेवायची आणि मागितली की नेमकी तीच काढून द्यायची, एवढंच त्याचं काम. दोन हजार सालच्या आगेमागे नाशिकच्या सातपूरला एका लेथच्या वर्कशॉपच्या माळ्यावर आम्ही चौघं दर शनिवारी जमायचो. शनिवारी अशासाठी, की आमच्या कारखान्यांची सुट्टी तीच. वंदना एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होती; जवळजवळ सगळा कोड तिचा. शिरसाठ सर पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले. लायसन्स त्यांनी लिहिलं. केदार वाद घालायचा. मी सीडी कॉपी करायचो.

लायसन्स साधं होतं. कुणीही वापरा, वाटा, आतला कोड उघडून बदला. पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर तो बदलही सर्वांसाठी खुला ठेवा. सरांनी ते भारदस्त मराठीत छापून प्रत्येक सीडीबरोबर घातलं. 'केलेला बदल समाजास परत करावा' वगैरे.

एका शनिवारी कळवणहून एक बियाणेवाले एसटीनं आले. घामाघूम.

"तुमचा कागद वाचला. बदल केला तर परत करा म्हणता ना? परत करायला आलोय."

वंदना ताडकन उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी कोडला हात लावला होता! "काय बदल केलात, काका?"

काकांनी पिशवीतून सीडी काढली. तिच्यावर स्केचपेननं ठसठशीत लिहिलं होतं त्यांचं पूर्ण नाव, खाली 'मु. पो. कळवण'.

"नाव टाकलं."

आम्ही हसू दाबत होतो, पण सरांचे डोळे भरून आले. "अरे, माणसानं लायसन्स वाचलं तरी!" त्यांनी काकांना फडताळची नवी कोरी सीडी दिली.

काका दारापर्यंत गेले आणि वळले. "हिच्यावर नाव टाकलं तर परत यावं लागंल का?"

*

जवळच्याच एका कारखान्याला फडताळ हवं होतं. स्टोअरमधल्या लोकांनी वापरून पाहिलं, आवडलं. पण परचेसचे साहेब नियमाचे पक्के.

"तीन कोटेशन लागतील."

"साहेब, फुकट आहे."

"असू दे ना. तीन फुकट आणा."

आम्ही एक दिलं. दुसरं केदारच्या मेहुण्याच्या लेटरहेडवर, तिसरं खालच्या लेथवाल्याच्या. तिन्हींवर रक्कम शून्य. साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, चष्मा पुसला आणि मला एकट्याला बाजूला घेतलं.

"ऑर्डर मला तुम्हालाच द्यायचीय हो. पण वर दाखवायला काहीतरी कमी करा ना!"

*

मग फाटाफूट झाली. केदारचं म्हणणं, बदल खुला ठेवायची अट काढा, ज्याला द्यायचं तो आपणहून देईल. सर म्हणाले, "आपणहून? तू चहाचा कप तरी आपणहून विसळतोस का?"

केदारनं तिथल्या तिथे वेगळी चूल मांडली. 'मुक्त फडताळ'! सरांना विरोधही करता येईना, कारण कुणीही वेगळं काढू शकतो हे कलम त्यांनीच घातलेलं. अडचण एकच होती. माळ्यावर कॉम्प्युटर एक. त्यामुळे सकाळी मूळ फडताळ, जेवणानंतर मुक्त फडताळ. दोन्हींचा कोड लिहायला वंदनाच! सकाळी सरांसाठी दुरुस्ती करायची आणि दुपारी तीच केदारसाठी.

हे सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते भडकले. आमची दुरुस्ती घेता आणि अट पाळत नाही म्हणजे काय! केदारला रीतसर नोटीस द्यायची ठरली. पण मराठी टायपिंग येत होतं फक्त केदारला. सर येरझाऱ्या घालत सांगत होते, केदार मान खाली घालून टाइप करत होता.

"...सदर कृत्य हे लायसन्सचे उल्लंघन असून..."

"सर, जरा हळू. आणि मला उद्देशून आहे, तर 'महाशय' लिहू की 'प्रिय केदार'?"

*

एव्हाना फडताळ नेणारे वाढले, सांभाळणारी मात्र एकटी वंदनाच. लोक तिला कंपनीत फोन करायचे, भाजी घेताना गाठायचे. तिच्या लग्नात स्टेजवर एका गृहस्थांनी पाकीट हातात दिलं. तिला वाटलं आहेर. आत चार तक्रारी होत्या, क्रमवार.

"घाई नाही मॅडम," ते फोटोसाठी उभे राहत म्हणाले, "सोमवारपर्यंत चालेल."

त्यानंतर दीडेक वर्षानं एका शनिवारी ती शांतपणे म्हणाली, "मला आता नाही जमत. मला फडताळ आवडतं, पण हल्ली फोन वाजला की मी उचलतच नाही." एकटीला जमतंय का, हे तिला आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

सरांनी वापरणाऱ्या सगळ्यांची सभा बोलावली. एका शाळेचा हॉल घेतला. साठेक माणसं आली. फडताळ बंद पडता कामा नये, यावर जो तो पोटतिडकीनं बोलला. एकाला तर हुंदका आला.

शेवटी सर उभे राहिले. "वंदनाचं काम पुढे कोण घेणार? हात वर करा."

एकही हात वर येईना. वंदना पदराशी चाळा करत बसलेली. एक मिनिट गेलं. दोन गेली.

आणि मागच्या रांगेत एक हात वर गेला!

टाळ्यांचा कडकडाट! वंदनासाठी आणलेला हार केदारनं धावत जाऊन त्या माणसाच्या गळ्यात घातला. ते निघाले चांदवडकडच्या एका शाळेतले गणिताचे सर. चुलतभावाला मोटरसायकलवर सोडायला आले होते. लोक हात मिळवत होते, वंदना रडत होती, आणि ते काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. मी शेजारीच होतो, म्हणून मला तेवढं ऐकू आलं.

"आवो, म्या फक्त पंखा लावा म्हणत होतो..."

वंदनानं त्यांना वर्षभर शिकवलं. पुढे फडताळ त्यांनीच सांभाळलं, आमच्यापेक्षा बरं. काही वर्षांनी त्यांना परदेशातून कुणा अभ्यासकाची ईमेल आली. असे प्रकल्प कशावर टिकतात, यावर तो लिहीत होता. प्रश्न लांबलचक होता. एवढी मोठी जबाबदारी विनामोबदला स्वीकारण्यामागे आपली प्रेरणा काय होती?

गणिताच्या सरांनी दोन दिवस विचार केला आणि एका ओळीत खरं ते कळवलं.

"त्या दिवशी लय उकडत होतं."