करड्या घोडीला नको म्हटलं तेव्हा

ऐंशीच्या दशकात मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला चिप डिझाइन करायचो आणि उरलेल्या वेळात नेवाडातल्या रानघोड्यांसाठी भांडायचो. घोड्यावर मी जन्मात बसलो नव्हतो. पण माळावर चारा पुरत नाही म्हणून सरकारी लोक घोडे पकडतात आणि ज्यांना कुणी पाळायला नेत नाही त्यांना इंजेक्शन देऊन मारतात, हे पेपरात वाचलं आणि माझं डोकं फिरलं. चारा पुरत नाही, कबूल. मग घरं शोधा ना! तीन जाहीर सभांमध्ये मी हे एवढंच बोललो. तिसऱ्या सभेत एका अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, "तुम्ही किती नेताय?"

माझं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं.

शेवटी फ्रेस्नोजवळ राहणाऱ्या, ओळखीच्या एका डॉक्टरकाकांना गळ घातली. ते मूळचे नागपूरचे, बदामाची बाग बाळगून होते. "दोन घेऊन टाकू यार," ते म्हणाले. त्यांनी दोन घोड्यांचा तबेला बांधला आणि दोन घोडे मावतील असा ट्रेलर भाड्यानं आणला.

शनिवारी आम्ही नेवाडात पोचलो. घोडे लोखंडी कुंपणात होते, कारकून बाहेर टेबल मांडून बसला होता. एक तांबडा घोडा आम्ही पसंत केला. सह्या झाल्यावर कारकुनानं पेनानं कोपऱ्यातली करडी घोडी दाखवली. म्हातारी होती, एक डोळा गेलेला.

"आज कुणी नेली नाही तर सोमवारी तिला मारतील. हिलाही नेता?"

"नको नको, एक पुष्कळ झाला," मी म्हणालो. काकांनीही हसून मान हलवली. "वुई आर फाइन."

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. दुसरी जिलबी वाढायला आली की आपण पानावर हात आडवा धरतोच. तो पहिला नकार कुणी मोजत नाही. वाढणारा आग्रह करतो, मग आपण "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर" म्हणून घेतो. ते "बरं" तोंडात तयार ठेवून आम्ही दोघं उभे राहिलो. कारकुनानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "नेक्स्ट."

आता आपणहून मागणं हावरटपणाचं दिसलं असतं. आम्ही निघालो.

बरेच मैल गेल्यावर काका म्हणाले, "तू नो कशाला म्हणालास? ट्रेलर अर्धा रिकामा आहे."

"मला वाटलं, तो परत विचारेल."

"मलाही तेच वाटलं रे."

तांबड्यासकट गाडी वळवली. फाटकाला कुलूप होतं. रविवारभर फोन लावला, कुणी उचलला नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता कारकून फोनवर सापडला. घोडीला सातलाच इंजेक्शन दिलं होतं.

"एवढी कसली घाई होती?" मी ओरडलो. "आम्ही तिला नेणारच होतो!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर, मी विचारलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही नो म्हणालात. इथं तसं लिहिलंय."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.