फुंकायचं नाही, या अटीवर सोयगावहून परत

या ब्लॉगवर मी सहसा लेण्यांबद्दल, घाटांबद्दल आणि कुठल्या ढाब्यावर शेवभाजी बरी मिळते याबद्दल लिहिते. या वेळी अजिंठ्याच्याच रस्त्यानं गेले, फर्दापूरला पर्यटक उतरताना पाहिले आणि लेण्यांकडे मानही न वळवता पुढे निघून गेले. कारण माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली तीस वर्षं जुनी टीव्हीची व्हिडिओ गेम होती आणि माझं डोकं तापलेलं होतं. ते अजून पुरतं थंड झालेलं नाही. निसर्गसौंदर्य वाचायला आला असाल तर जुन्या पोस्टकडे वळा.

आधी कारण सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्ट करून करून रिटायर झाले. दिवाळीच्या आधी एका सकाळी चूळ भरताना त्यांच्या तोंडातून पाणी एका बाजूनं गळायला लागलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, मेंदूला काही झालेलं नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घ्या, व्यायाम करा, सुधारेल. व्यायाम म्हणजे गाल फुगवायचे, शिट्टी वाजवायची, फुगे फुगवायचे. मी फुग्यांचं पाकीट आणलं. अण्णांनी ते माझ्याच हातात परत ठेवलं. "माझा वाढदिवस हाय का?" एवढंच म्हणाले आणि त्यानंतर जवळजवळ बोलणंच सोडलं. तोंडावर रुमाल धरून खुर्चीत बसायचे. सकाळचं फिरणं बंद, बागेतले मित्र बंद, जेवणसुद्धा आतल्या खोलीत एकट्यानं. समोरच्या काकू बघायला आल्या आणि आईला म्हणाल्या, आता या वयात असंच राहायचं हो, सवय करून घ्यायची. मी त्यांना चहा अर्धाच कप दिला.

पाचेक आठवड्यांनी एका दुपारी रुमालाआडून आवाज आला. "माळ्यावरची गेम चालती का गं अजून?"

बस्स. एवढ्या दिवसांत माणसानं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी शिडी लावली.

ही गेम अण्णांनी बोनस झाला तेव्हा आणली होती. करड्या रंगाचा डबा, वायरवाले दोन रिमोट आणि वरच्या खाचेत बसवायची कॅसेट. तिला खरं तर कार्ट्रिज म्हणतात हे मला कॉलेजात कळलं, आमच्या औरंगाबादच्या सगळ्या सिडकोत ती कॅसेटच होती. पहिल्या झटक्यात ती कधी चालली नाही. पडद्यावर नुसते चौकोन यायचे. मग कॅसेट काढायची, खालून फुंकर मारायची आणि परत बसवायची. आमच्या घरी फुंकर मारायचा मान अण्णांचा. पहिल्या शिफ्टहून आले की जेवणाचा डबा खाली ठेवून ते कॅसेट ओठांशी धरायचे आणि माऊथ ऑर्गनसारखी डावीकडून उजवीकडे एक लांब फुंकर मारायचे. मी आणि दादा श्वास रोखून बसायचो. त्यांची फुंकर वाया गेलेली मला आठवत नाही. नंतर रणगाड्यांच्या गेममध्ये ते आम्हाला मुद्दाम हरवायचे, त्याचाही राग माझ्या मनात अजून आहे.

माळ्यावरून काढून जोडली तर लाल दिवा लागला, पण काही केल्या पडद्यावर चौकोनच. म्हणून शनिवारी सकाळी डबा घेऊन पैठण गेटला गेले. तिथं मोबाईल दुरुस्तीची दुकानं ओळीनं आहेत, गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षानं जा. पहिल्या दुकानदारानं डबा बघितला, कॅसेट काढून फुंकर मारली, बसवली आणि म्हणाला, "मॅडम, फेकून द्या. याच्यात काय ठेवलंय? पाचशे गेमा एकात येतात आता." मला पाचशे नको होत्या, एक हवी होती. हे मी त्याला दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा त्यानं माझ्याकडे माझीच काहीतरी दुरुस्ती करायला हवी अशा नजरेनं बघितलं.

दुसऱ्यानं फेका म्हटलं नाही. म्हणून मी खूश झाले, ही माझी चूक. त्यानंही आधी फुंकर मारली, गुटख्याच्या वासाची. मग ड्रॉवरमधून पॉलिश पेपर काढला, भिंती घासतात तो, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या खसाखसा घासल्या. सोनेरी रंग गेला. नंतर कुठल्याशा राउटरचा अडॅप्टर खुपसला. डब्यातून जळका वास आला आणि लाल दिवा जो गेला तो गेलाच. "जुना माल आहे, असंच होतं," म्हणाला. जुना माल. आधी दिवा तरी लागत होता. मी दुकानात आवाज चढवला, हे कबूल करते, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

त्या आवाजाचा एक फायदा झाला. मोबाईलची वाट बघत बाकावर बसलेले एक गृहस्थ बाहेर माझ्यामागे आले. त्यांची सासुरवाडी सिल्लोडची. म्हणाले, तिथं बसस्टँडच्या मागे शफीचाचा म्हणून टीव्हीवाले होते, गेमा तेच करायचे, पण असतील की नाही माहीत नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला मी मध्यवर्ती बसस्थानकावर होते. सिल्लोडच्या गाड्या भरपूर आहेत, बायकांना अर्धं तिकीट आहे, साठेक रुपयांत काम होतं. माझ्या सीटची पाठ मात्र मोडलेली होती, ती दोन तास मीच धरून बसले. हर्सूल सोडलं की चौक्याचा घाट लागतो, मग फुलंब्री, आळंद. रस्त्याचा एक भाग झकास आणि त्याच्यापुढचा भाग खोदलेला, त्यामुळे झकास भागात आलेली झोप पुढच्या भागात डोकं खिडकीवर आपटून जाते. एका बाजूला मका वाळत घातलेला, ड्रायव्हर त्याला वळसा घालून जात होता. मी डब्यावर दोन्ही हात ठेवून होते. कंडक्टरनं विचारलं, काय आहे त्यात. गेम म्हटल्यावर म्हणाला, "लहानपणी लई फुंकल्या." पुढच्या सीटवरचे दोघं हसले. त्यांनीही फुंकल्या होत्या.

सिल्लोडला स्टँडच्या मागे गेले तर शफीचाचांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकत होती. नव्या मालकाला जुन्याचा पत्ता माहीत नाही. फोन नंबर दिला तो बंद. मी भर रस्त्यात उभी राहून स्वतःवरच चिडले. फोन करून न विचारता साठ-पासष्ट किलोमीटर आलेली बाई दुसऱ्यांना काय शिकवणार? शेजारच्या हॉटेलात भजी घेतली, भजी गरम आणि चांगली होती, आणि भजी तळणाऱ्यानंच सांगितलं, चाचा आता सोयगावला लेकीकडे असतात, मशिदीच्या गल्लीत विचारा, शेंबडं पोरगंसुद्धा घर दाखवील.

सिल्लोडहून सोयगाव म्हणजे आणखी दीड-दोन तास, गोळेगाव, अजिंठा, घाट उतरून फर्दापूर. गाड्या कमी आहेत, परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवा. घाट उतरल्यावर हवा बदलते, कापसाच्या पांढऱ्या शेतांमधून मधूनच केळीची हिरवी बाग येते. सुंदर आहे, हे रागातसुद्धा दिसलं.

शफीचाचा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, चष्म्याला दोरी. मी डबा टॉवेलातून काढला आणि त्यांनी लसूण बाजूला सारला. एक पेटी बाहेर आली, चार स्क्रू सुटले. आत झुरळांची अंडी होती. ती त्यांनी ब्रशनं झाडली. जळलेला रेग्युलेटर दाखवला, प्लस-मायनस उलटे दिल्यावर दुसरं काय होणार, म्हणाले. एका मेलेल्या रेडिओतून तसाच एक काढून त्यांनी तो सोल्डरिंगच्या कांडीनं झाळला.

मग कॅसेट हातात घेतली, भिंग लावलं आणि माणूस बदलला. त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. पट्ट्यांवर पॉलिश पेपरचे ओरखडे होतेच, पण कडेनं हिरवट थर धरला होता. डब्याच्या खाचेतल्या बारीक पिनांवरही तोच.

"ये कागजका काम नै, बाई," चाचा म्हणाले. "ये फुंकां हैं. तीस सालकी."

मी म्हटलं, फुंकल्यावर तर चालायची.

"फुंकनेसे नै चलती थी. निकालके वापस बिठाए ना, उससे चलती थी. मुंहका पानी अंदर जाता, पिनां सडते. मेरे पास जित्ते लोगां आए, सब फुंकके लाए. औरंगाबादवाले, जलगाववाले, सब. हरेकको बोला. कोई सुनताच नै."

ते खरोखर संतापले होते. आयुष्यभर एकच गोष्ट सांगून कुणी ऐकलेली नसली की माणूस जसा संतापतो तसे. मला तो राग ओळखीचा वाटला आणि एकदम बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा माझ्याइतकंच चिडलेलं कुणीतरी भेटलं होतं.

पुढचा तासभर त्यांनी शाळेच्या खोडरबरनं पट्ट्या हलक्या हातानं घासल्या आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसल्या. जुन्या एटीएम कार्डाला सुती फडकं गुंडाळलं, तेही स्पिरिटमध्ये ओलं केलं आणि खाचेत वर-खाली सरकवलं. फडकं काळं-हिरवं होऊन बाहेर यायचं, मग नवं. शेवटी सुईनं एकेक दबलेली पिन उचलली. तुमच्या माळ्यावर अशी गेम असेल तर एवढंच करा आणि पॉलिश पेपरवाल्याच्या सावलीलाही उभे राहू नका. चाचांच्या लेकीनं मला खिचडी आणि चिंचेचा आंबट-तिखट खट्टा वाढला, नको म्हटलं तरी दुसऱ्यांदा वाढला. टीव्हीला जोडल्यावर रणगाडे पहिल्या झटक्यात आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी खट्ट्याच्या तिखटावर ढकललं.

पैसे घ्यायला चाचा तयार नव्हते. अट घातली. "घरमें कोईबी फुंकना नै. वादा करो." मी केला. अगदी मनापासून केला. येताना चार तास मी मनात भाषण तयार केलं, दादाला, कंडक्टरला, त्या दोन दुकानदारांना आणि अख्ख्या मराठवाड्याला, फुंकर मारणं कसं अडाणीपणाचं आहे याबद्दल.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर गेम टीव्हीला जोडली. अण्णा खुर्चीत, तोंडावर रुमाल. मी कॅसेट बसवली, बटण दाबलं. पडद्यावर चौकोन आले. घाईत मी ती नीट दाबली नव्हती, एवढंच. काढून परत बसवायची की झालं. मी हात पुढे केला, तर अण्णा उठले होते. त्यांनी मला बाजूला केलं आणि कॅसेट काढली.

मी म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांनी रुमाल टीव्हीवर ठेवला आणि कॅसेट ओठांशी नेली.

फुंकर निघालीच नाही. ओठ डावीकडे मिटत नव्हते, हवा तिथून फस्सकन निसटली, लाळही आली. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा केलं. पुन्हा फस्स. तिसऱ्या वेळी डावा कोपरा बोटानं दाबून धरला आणि एक अर्धी, वाकडी, पण खरी फुंकर कॅसेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. स्वयंपाकघराच्या दारात आई कणकेच्या हातानं उभी होती.

कॅसेट बसवली. रणगाडे आले.

अण्णा माझ्याकडे वळले. रुमाल टीव्हीवरच होता. "कोन केलं गं हे काम?" म्हणाले. "इतक्या दूर जाऊन आली अन् फुंकल्याबिगर चालंना. कसला मेकॅनिक म्हनायचा ह्यो?"

दीड महिन्यातलं सगळ्यात लांब बोलणं, आणि तेही ज्या माणसानं लसूण टाकून दिवसभर राबून काम केलं त्याच्याविरुद्ध. माझा जीव नुसता तळमळला. चाचांची बाजू घ्यायला मी पुरेपूर तयार होते, पुरावे होते, भाषण होतं. म्हटलं, "हो ना अण्णा. बोगस माणूस."

आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. रोज सकाळी मी कॅसेट बसवते आणि केसभर वर ठेवते. चौकोन येतात, अण्णा चिडतात, चाचांचा उद्धार करतात आणि फुंकतात. परवापासून बोट लावावं लागत नाही. काल बागेतल्या मित्रांना त्यांनी सोयगावच्या त्या बोगस मेकॅनिकची गोष्ट हातवारे करून सांगितली, रुमाल खिशात होता. फुग्यांचं पाकीट अजून फ्रिजवर आहे, न उघडलेलं.

गेल्या आठवड्यात चाचांचा फोन आला. गेम चालते का, आणि कोणी फुंकत तर नाही ना. बाहेरच्या खोलीतून फुंकरीचा आवाज येत होता, मी फोन घेऊन गॅलरीत गेले. नाही चाचा, म्हटलं, कुणीच नाही. पिना हिरव्या झाल्या की मलाच परत जावं लागणार आणि भिंग डोळ्याला लावून चाचा माझ्यावर ओरडणार. ओरडू देत. सोयगावहून परतीची शेवटची गाडी साडेचारला आहे, पण निघण्याआधी एकदा विचारून घ्या.