पालखी टेकल्याशिवाय

महाडच्या सरोजबाई वाद्यवृंद चालवायला शिकवतात. हातात काठी घेऊन वीस वादकांना एका श्वासात कसे आणायचे, ते. परदेशी सुरावटी त्यांना तोंडपाठ आहेत, पण पहिला धडा त्या आपल्या शिमग्याच्या पालखीच्या वाजंत्रीचाच देतात. बासऱ्या आणि व्हायोलिन महाडची. ढोल-सनईला आम्ही शेजारच्या तुडील गावचे.

त्या दिवशी बाईंच्या शिष्याची, आमोदची परीक्षा होती. जमले तर वार्षिक कार्यक्रमात काठी त्याची, नाहीतर चैत्रालीची. सुरुवात त्याने झोकात केली. शेवटाला मूठ आवळून थांबायची खूण केली. व्हायोलिन थांबली. ढोल चालूच. त्याने पुन्हा मूठ आवळली, तर ढोल आणखी रंगात आला.

"चांगूकाका, थांबा ना!"

"पालखी हाय अजून खांद्यावर," चांगू वाजवता वाजवताच म्हणाला. "ती चौथऱ्यावर टेकल्याबिगर ढोल थांबत नाय रे!"

आमोदने बाईंकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतोस? खांदा तुझा आहे," बाई हसल्या.

चैत्रालीने तोंडावर ओढणी धरली. घामाघूम आमोदने डोळे मिटले. मग गुडघे वाकवले आणि भरलेला हंडा उतरवावा तसे दोन्ही हात सावकाश खाली आणले. ढोल मऊ झाला, सनई उतरली. हात जमिनीला टेकले आणि सगळे शांत झाले.

पालखी टेकल्यावर करतात तसा चांगूने सवयीने नमस्कार केला. बाईंनीही केला.

"काठी तुझी," त्या म्हणाल्या. "पण उद्यापासून चपला बाहेर काढून ये."