पाचशे घोडे आणि आमची म्हैस

आमच्या मालकांना गाडीतलं काही कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. मालक म्हणजे माझा नवरा. बॉनेट उघडलं तर पाणी कुठं घालायचं हे ते ड्रायव्हरला विचारायचे. पण कुठल्या गाडीला किती हॉर्सपॉवर, हे झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगणार. पोराची इयत्ता विचारली की मात्र माझ्याकडं बघायचे.

कोल्हापुरात ईर्षेला औषध नाही. तालमीची ईर्षा, फुटबॉलची ईर्षा, उसाच्या एकरी टनाची ईर्षा. आमच्या घरात ती मालक आणि बिद्रीचे त्यांचे मावसभाऊ, म्हणजे माझे भावजी, यांच्यात होती. नव्वदच्या सुमाराला दोघांच्या दारात जुन्या जीपा होत्या, तेव्हा दोघं कुणाचा ऊस उंच यावर भांडायचे. त्याचा कुणाला त्रास नव्हता. ऊस निदान वाढत तरी होता.

पुढं शहराच्या कडेला आमच्या बावड्यात घरं वाढत आली, शेताच्या दोन पट्ट्यांचे प्लॉट पडून पैसा आला आणि दारात पहिली परदेशी गाडी आली. महिना गेला नाही तोवर भावजी त्यांची घेऊन आले. चहासुद्धा घेतला नाही, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

“दादा, तुझ्यापेक्षा चाळीस घोडं जास्त हैत बघ.”

मालक हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत. ताट तसंच झाकून ठेवलं मी. माणूस दारात आला की तब्येत विचारतो, पाऊसपाणी विचारतो. हे दोघं “किती घोडं?” विचारायचे.

मग सुरूच झालं. ह्यांनी दोनशेची आणली की त्यांनी अडीचशेची आणायची, ह्यांनी तीनशेची. बरं, हे दोघं थांबतील म्हणावं तर कंपन्या थांबू देत नव्हत्या. तिकडं जर्मनीत त्यांची आपापसात हीच ईर्षा. एकीनं चारशेची गाडी काढली की दुसरी साडेचारशेची काढणार, आणि रंगीत माहितीपत्रक थेट आमच्या सोप्यात येऊन पडणार. मालक ते चष्मा लावून पोथीसारखं वाचायचे. गाडीला चार दारं, आत चामड्याच्या खुर्च्या, दिसायला एखाद्या वकिलाची वाटावी अशी गरीब, आणि पोटात म्हणे पाचशे घोडे! कशाला? कुणाला कुठं जायचं होतं एवढ्या घाईनं?

जायचं असायचं ते बावड्यातून शहरात. गळिताच्या दिवसांत पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या पुढं उसाच्या बैलगाड्या, आणि सगळ्यांच्या मागं आमची पाचशे घोड्यांची गाडी, बैलाच्या चालीनं. त्यात ती बुटकी. स्पीडब्रेकर आला की खालून पोट घासायचं. मग मालक आरशातून बघत म्हणायचे, “जरा उतरा की सगळी. वजन कमी करूया.” मी पैठणी नेसून, हातात आहेराचं ताट घेऊन किती स्पीडब्रेकर पायी ओलांडलेत याला गणती नाही. एका लग्नाला जाताना एक म्हातारा सायकल थांबवून म्हणाला, “काय पावणं, बंद पडली व्हय? ढकलू काय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांना त्याचंही काही नाही. हवेतल्या गोष्टी करणाऱ्या माणसाला जमिनीवरचं कुठं दिसतं!

तरी हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. त्यांचा खेळ, त्यांनी खेळावा. माझा जीव होता गोठ्यात.

जमीन कमी झाली तरी चार म्हशी मी हट्टानं ठेवल्या होत्या. त्यातली एक रेडकू असल्यापासून माझ्या हातावर वाढलेली. इथं माणसांची नावं घालत नाही, तर तिचं तरी कशाला? काळीभोर, शिंगं मागं वळलेली, आणि कानानं भारी तिखट. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला तर पान्हा चोरायची. मी “ये गं बाई, ये” म्हटलं की कुठूनही यायची. परड्याच्या पार टोकाला असली तरी मान वर करून, धावत. घरात माझी हाक पहिल्या झटक्यात ऐकणारं असं ते एकच होतं.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. केस भादरून, तेल लावून, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि घुंगरं बांधून म्हशींना रस्त्यावर आणायचं. पुढं म्हैसवाल्याची मोटरसायकल, तिचा सायलेन्सर काढलेला, आणि त्या ओळखीच्या आवाजामागं म्हैस सुटते. शंभर गाड्यांच्या गोंगाटात ती आपलीच गाडी ओळखते, यातच सगळी शान. आमच्या म्हशीला दर वर्षी गडी मोटरसायकलवरून पळवायचा.

पाचशे घोडे आले त्या वर्षी मालकांच्या डोक्यात आलं, म्हैस मोटरसायकलीमागं नको, ह्या गाडीमागं पळवायची. भावजी बघायला येणार होते ना!

पण त्या गाडीची ख्यातीच मुळी आवाज न करण्याची. चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागे. म्हशीला ऐकू काय जाणार? मग मालकांनी काय करावं? कोट्यवधी लोकांना परवडणार नाही अशी ती गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजात नेली आणि तिचा सायलेन्सर कापून आणला. जर्मनीतल्या शहाण्यांनी आवाज मारायला हयात घालवली असेल, तो यांनी एका दुपारात जिवंत केला. गल्लीतली तान्ही पोरं दचकून उठायला लागली. शोरूमच्या माणसाचा फोन आला तेव्हा बिचारा रडायचाच बाकी होता.

एवढं करून म्हशीनं ढुंकून बघितलं नाही. मालक परड्याच्या दारात गाडी गुरगुरवताहेत आणि ती निवांत रवंथ करतेय. मी पोटभर हसले. तेच चुकीचं झालं, कारण मालकांची नजर माझ्याकडं वळली.

“तू बस मागं. तुझा आवाज वळकतीया ती. काच खाली घ्यून हाक मारायची, बास.”

“अवो, डांबरी रस्ता हाय. खुरं सटकत्यात तिची. तुमची गाडी काय मोटरसायकल हाय व्हय?”

“बैलाच्या चालीनं जातो की. शप्पत घेतो.”

त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी विश्वास ठेवला.

पाडव्याला मी मागच्या खुर्चीत बसून काच खाली केली आणि हाक मारली. म्हैस निघाली. खरं सांगते, पहिला थोडा वेळ मलाही अभिमान वाटला. दोन्हीकडं माणसं, शिट्ट्या, हलगी, आणि मधून माझी म्हैस घुंगरं वाजवत, माझ्याकडं डोळे लावून पळतेय. मालक खरोखर हळू चालवत होते.

तेवढ्यात भावजींची गाडी शेजारी आली. काच खाली झाली.

“दादा, पाचशे म्हणत हुतास की! का पाचच हैत?”

मालकांनी पाय दाबला. मी पाठीमागं खुर्चीत आदळले. घोडे कसले ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सावरून मागं बघितलं तर म्हैस एवढीशी झालेली. मी जीव तोडून ओरडले, “थांबवा! अवो थांबवा!”

मालकांनी ऐकलं नाही. म्हशीनं ऐकलं.

तिला “थांबवा” काय समजणार? तिला माझा आवाज समजत होता, आणि तो दूर जात होता. ती उधळली. मी जितकी मोठ्यानं ओरडले तितकी ती जोरात येत गेली, मान लांब करून, तोंडाला फेस, मोरपिसं कुठल्या कुठं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. उशीर झाला होता. साखर कारखान्याच्या वळणावर तिचे पुढचे पाय डांबरावरून घसरले आणि ती सगळ्या वजनानं कोसळली.

गाडी थांबली ती बरीच पुढं. मी पळत मागं आले. म्हैस उठायला बघत होती आणि उजवा पाय टेकत नव्हता. गर्दी जमली. भावजीही आले. म्हशीकडं एकवार बघितलं आणि मालकांच्या पाठीवर थाप मारली.

“दादा, पिकप मात्र मानलं!”

आणि आमचे मालक हसले. म्हैस रस्त्यावर पडलेली, तिच्या गुडघ्यातून रक्त येतंय, आणि हा माणूस बक्षीस मिळालेल्या पोरासारखा हसला. माझं टाळकं सरकलं. सणाचा दिवस, चार माणसं, थोरामोठ्यांची मर्यादा, काही बघितलं नाही मी.

“पाचशे घोडं घ्यून एका मुक्या जनावराची शर्यत जितलासा व्हय?” मी म्हणाले. “हसताय काय? लाज वाटू द्या की!”

बाई रस्त्यात बोलली याचीच जास्त चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी घरी माणसं आली ती गाडी बघायला. डॉक्टर गोठ्यात पाय बांधत होते आणि बाहेर अंगणात बॉनेट उघडून कौतुक चाललं होतं. मालक सगळ्यांना समजावून सांगत होते, “तसं काय झालं नसतं ओ. हिनं वरडायला नको हुतं. वरडली म्हणून ती उधळली.”

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होते. तो तिथंच कट्ट्यावर ठेवला आणि विचारलं, “आणि पाय कुणाचा हुता गाडीवर?” एकानं गुपचूप कप उचलला. आजही तो राग माझा उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

हाड मोडलं नव्हतं, पण सांधा कायमचा गेला. मालक म्हणाले, लंगडी झाली, व्यापाऱ्याला देऊन टाकू, दुसऱ्या दोन आणू. मी दावणीपुढं उभी राहिले आणि सांगितलं, आधी मला न्यायला सांगा. तो विषय तिथंच मिटला.

सूज उतरल्यावर मी धार काढायला गेले. सवयीनं दारातूनच म्हणाले, “ये गं बाई, ये.” ती धडपडत उठली, आणि दावं ताणेपर्यंत मागं सरली. भिंतीला टेकली तरी मागंच सरत होती. कासेखाली बसले तर थेंब सुटेना. दुसऱ्या दिवशी गप्प राहून गेले, तेव्हा तिनं पान्हा सोडला.

मग ती होती तोवर गोठ्यात मी एक शब्द बोलले नाही. मालक नव्या गाडीचं कौतुक सांगत दारात आले, तर त्यांनाही हातानंच गप्प करायची. कारण माझा आवाज कानावर पडला की तिचा दुखरा पाय माझ्यापासून लांब पळायला निघायचा.