पापुद्रा ओला ठेवायचा

माझे बाबा कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं एकच काम करत होते. काचेच्या पाटीवर प्लास्टिकचं चिकट द्रावण ओतायचं, पट्टीने सपाट ओढायचं आणि पाटी अलगद पाण्यात बुडवायची. पाण्यात पांढरा पापुद्रा सुटून येई. सांडपाणी त्याच्यातून दाबलं की रंग अलीकडे अडकायचा आणि पलीकडे स्वच्छ पाणी टपकायचं. बाबांच्या हातचा पापुद्रा कधी गळला नाही. सगळे त्यांना पापुद्रेसाहेब म्हणत, आणि साहेब नसूनही ते खुशाल ओ देत.

पण या पापुद्र्याचे नखरे फार. तो सुकू द्यायचा नाही. एकदा सुकला की डोळ्यांना न दिसणारी त्याची छिद्रं मिटतात, मग कितीही भिजवा, उपयोग शून्य. म्हणून बाबा रविवारीसुद्धा पापुद्रे बुडवून ठेवलेल्या ट्रेमधलं पाणी बदलायला जायचे. माझा बक्षीस समारंभ, आईचं ऑपरेशन, माझ्या लग्नाची संध्याकाळ, सगळीकडून ते मधेच उठले. आई म्हणायची, "सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं." मी मात्र त्या पापुद्र्यांचा मनापासून राग केला.

आई गेल्यावर मी दर रविवारी फोन करून म्हणायची, "बाबा, आठ दिवस तरी माझ्याकडे या." उत्तर ठरलेलं असायचं, "पाणी कोण बदलणार?"

गेल्या महिन्यात मी हट्टाला पेटले. त्यांची रजा परस्पर मंजूर करून घ्यायची, म्हणून थेट प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या बाई गोंधळल्या.

"ते तर सहा महिन्यांपूर्वीच निवृत्त झाले. आता पापुद्र्यांच्या तयार गुंडाळ्या बाहेरून येतात. त्यांचे ट्रे केव्हाच रिकामे केले आम्ही."

सहा महिने बाबा माझ्याशी खोटं बोलत होते. आणि त्यांचं वय किती झालं, हे मीही कधी मोजलं नव्हतं.

रविवारी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मला रडू आलं, पण आवाज कडक ठेवला.

"ट्रे घेऊनच या, बाबा. आमच्याही नळाला पाणी येतं."

त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मला ऐकू येत होतं.

"एकच पापुद्रा उरलाय गं," शेवटी ते म्हणाले. "डब्यात घालून घरी आणलाय. रोज पाणी बदलतो." मग हळूच, "तेवढा एक ठेवायला जागा होईल ना तुझ्याकडे?"